आकडा थांबला म्हणजे माप बरोबर आले का?

काही वर्षांपूर्वी एका तालुका पातळीवरील विज्ञान प्रदर्शनात आम्ही परीक्षक म्हणून गेलो होतो. एकाच रांगेत, शेजारशेजारच्या दोन टेबलांवर, दोन शाळांनी एकच प्रकल्प मांडला होता : आर्डुइनो उनो या मायक्रोकंट्रोलर बोर्डावर स्वतः तयार केलेला डिजिटल व्होल्टमीटर. पहिल्या टेबलावरच्या मुलाने पेन्सिल सेल जोडला, पडद्यावर १.६ हा आकडा उमटला आणि आम्ही उभे होतो तोवर तो जागचा हलला नाही. शेजारच्या मुलीच्या मीटरला तोच सेल लावला, तर १.५२, १.५४, १.५३, पुन्हा १.५२ असा शेवटचा आकडा सारखा नाचत होता. 'हा थांबत का नाही?' असे विचारल्यावर ती ओशाळून म्हणाली, 'सर, खूप प्रयत्न केला, पण थांबतच नाही.' आम्हा तिघा परीक्षकांचे एकमत व्हायला वेळ लागला नाही. स्थिर आकड्याला पहिला क्रमांक मिळाला, नाचऱ्या आकड्याला काहीच मिळाले नाही, आणि गुणपत्रकावर आम्हीही सही केली.

निकाल लागल्यावर, मंडप आवरत असताना, त्या मुलीचे शिक्षक प्रयोगशाळेतला एक चांगला मल्टिमीटर घेऊन आमच्याकडे आले. ते रागावले नव्हते. 'एकदा बघून घ्या सर,' एवढेच म्हणाले. सेल १.५३ व्होल्टचा होता.

त्या सहीची टोचणी हे या लेखाचे निमित्त आहे. टीका त्या मुलावर नाही. त्याने हाती आलेली कृती प्रामाणिकपणे वठवली होती. टीका त्या कृतीवर आहे, आणि ती कृती पाहून गुण देणाऱ्या आमच्यासारख्यांवर आहे.

ही कृती आता बहुतेक शिक्षकांच्या परिचयाची झाली असेल. २०१६ साली अटल नवोन्मेष मोहीम सुरू झाली, अनेक शाळांत टिंकरिंग लॅब आल्या आणि त्यांच्याबरोबर हे निळे बोर्डही आले. पुस्तिका, कार्यशाळांची टिपणे, किटबरोबर मिळणारी पत्रके यांत व्होल्टमीटरची कृती थोड्याफार फरकाने सारखीच असते. मोजायचे व्होल्टेज दोन रेझिस्टरांच्या विभाजकातून बोर्डाच्या ए-शून्य या पिनला द्यावे. प्रोग्रामला तिथे ० ते १०२३ यांमधली एक संख्या मिळते. तिला ५ ने गुणावे, १०२३ ने भागावे, विभाजकाच्या पटीने वाढवावे आणि उत्तर पडद्यावर छापावे. शेवटी एक वाक्य हमखास असते : आकडा हलत असल्यास दहा वाचनांची सरासरी घ्यावी.

कृतीत गुण आहेत, हे आधी सांगितले पाहिजे. भाग थोडे लागतात, खर्च कमी येतो, दोन तासिकांत मीटर चालू होतो आणि मुलांना आपण काही 'बनवले' याचा आनंद मिळतो. पण या कृतीत मापनशास्त्राचा जो मूळ प्रश्न आहे तो एका अंकात गाडून टाकलेला आहे. तो अंक म्हणजे ५.

फूटपट्टीच रबराची

आर्डुइनो उनोवर एटीमेगा ३२८पी हा मायक्रोकंट्रोलर असतो. त्याच्या आत व्होल्टेजचे संख्येत रूपांतर करणारा जो भाग आहे, त्याला एडीसी म्हणतात. तो काम कसा करतो? वाण्याच्या जुन्या तराजूची आठवण करा. एका पारड्यात अज्ञात व्होल्टेज ठेवले. दुसऱ्या पारड्यात आधी सगळ्यात मोठे वजन, म्हणजे संदर्भ व्होल्टेजचा अर्धा भाग. अज्ञात जड असेल तर वजन ठेवायचे, हलके असेल तर काढायचे. मग पाव भाग, मग अष्टमांश, असे करत दहा तुलना होतात आणि अज्ञात व्होल्टेज हे संदर्भाच्या १०२४ भागांपैकी किती भाग आहे ते कळते. एडीसीला एवढेच कळते. व्होल्ट म्हणजे काय हे त्याला ठाऊक नाही. त्याला फक्त गुणोत्तर ठाऊक आहे.

बारावीला शिकवणाऱ्या शिक्षकांना यात काही नवे वाटणार नाही, कारण पोटेन्शिओमीटरच्या प्रयोगात नेमके हेच घडते. तिथे तारेवरची संतुलन-लांबी मोजतो आणि दोन सेलांच्या विद्युतगामक बलांचे गुणोत्तर काढतो. तारेला धारा पुरवणारा सेल प्रयोग चालू असताना उतरू लागला, तर संतुलनबिंदू सरकतो, हे प्रत्येक विद्यार्थ्याला बजावलेले असते. म्हणून तर पूर्वी प्रयोगशाळांत वेस्टनचा प्रमाण सेल जपून ठेवलेला असे : २० अंश सेल्सिअसला १.०१८ व्होल्ट. त्याच्याशी तुलना केल्याशिवाय तारेवरच्या सेंटिमीटरांना व्होल्ट म्हणायची सोय नव्हती.

मग आर्डुइनोच्या व्होल्टमीटरात प्रमाण सेलाची जागा कोण घेतो? वेगळी सूचना दिली नसेल तर बोर्डाला मिळणारे पुरवठ्याचे व्होल्टेजच ही जागा घेते. आणि हे व्होल्टेज ५ आहे असे कृती गृहीत धरते. यूएसबी २.० च्या नियमांत संगणकाच्या पोर्टवर ४.७५ ते ५.२५ यांमधले काहीही '५ व्होल्ट' म्हणून चालते. त्यातून तार लांब आणि बारीक असली, तिचा रोध येऊन-जाऊन एक ओहम भरला आणि बोर्डावरचा पडदा, दिवे, एखादी छोटी मोटर मिळून ०.३ अँपिअर धारा ओढू लागली, तर तारेतच ०.३ व्होल्ट खर्च होतात. मोटर बंद केली की व्होल्टेज पुन्हा वर जाते. वापरून वापरून ताणलेल्या टेपने शिंप्याने कापड मोजावे तशातला हा प्रकार. फरक एवढाच की आपली टेप दर मिनिटाला वेगळी ताणली जाते.

त्या मुलाच्या बोर्डाच्या ५ व्होल्टच्या पिनवर आम्ही मल्टिमीटर लावला तेव्हा ४.७० व्होल्ट दिसले. आता हिशोब करून पाहा. सेल १.५३ व्होल्टचा. एडीसीने कळवले की हा संदर्भाच्या १.५३ ÷ ४.७० एवढा भाग आहे. प्रोग्रामने त्याला ५ ने गुणले. उत्तर आले १.६३. प्रोग्राममध्ये एकच दशांश स्थळ छापायचे ठरवलेले होते, म्हणून पडद्यावर १.६. नव्या कोऱ्या सेलाचे व्होल्टेज खरोखरच १.६ च्या आसपास असते, म्हणून आम्हा कोणालाच शंकाही आली नाही. सहा टक्क्यांची चूक अंगावर घेऊन तो आकडा शांत बसला होता.

हे शिकवायला आम्हाला एक प्रयोग फार आवडतो. कृतीबरहुकूम केलेल्या मीटरचा विभाजक काढून टाका आणि बोर्डाचीच ५ व्होल्टची पिन एका तारेने ए-शून्यला जोडा. पडद्यावर ५.०० दिसेल. आता बोर्डावर आणखी भार टाका, दुसरी लांब तार वापरा, दुसऱ्या संगणकाला लावा. खरे व्होल्टेज ५.१ होवो की ४.६, पडद्यावर ५.०० च दिसत राहील, आणि सरासरी न घेताही तो आकडा जवळजवळ हलणार नाही. फूटपट्टीने फूटपट्टीच मोजली तर उत्तर नेहमी एक फूटच येणार. जगातला सर्वांत स्थिर आणि सर्वांत निरुपयोगी व्होल्टमीटर तो हाच.

जाता जाता एक गोष्ट. या प्रकल्पाविषयी हौशी मंडळींत एक वाद रंगतो : भागायचे ते १०२३ ने की १०२४ ने? चिपच्या माहितीपत्रकातले सूत्र १०२४ चे आहे, तर आर्डुइनोबरोबर येणाऱ्या एका प्राथमिक उदाहरणात १०२३ आहे. आम्ही १०२४ च्या बाजूचे आहोत. पण दोन्ही उत्तरांतला फरक जास्तीत जास्त ५ मिलिव्होल्टचा, आणि ज्या ५ ने गुणायचे त्याच्यात चूक ३०० मिलिव्होल्टची! उंबऱ्यावरची धूळ झटकण्यात दंग असताना मागच्या दाराने चोर शिरावा, तसे हे झाले.

आमच्या शाळकरी वयात, १९९० च्या दशकात, डिजिटल व्होल्टमीटर करायचा तर पुण्यातल्या बुधवार पेठेत जाऊन ७१०७ ही चिप आणावी लागे. इंटरसिल कंपनीची ही चाळीस पायांची चिप महाग वाटे आणि जोडणी किचकट असे. पण तिच्याबरोबर एक छोटा प्रीसेट लावून संदर्भ व्होल्टेज स्वतःच्या हाताने जुळवावे लागे, साधारणपणे १०० मिलिव्होल्ट. त्यासाठी कोणाकडून तरी चांगला मीटर उसना आणावा लागे. म्हणजे 'आपला व्होल्ट कोणाच्या व्होल्टवरून घेतला?' हा प्रश्न स्क्रू-ड्रायव्हर हातात असतानाच समोर उभा राही. प्रोग्राममध्ये ५.० असे टाईप करताना तो उभा राहत नाही. नव्या कृतीवर आमचा मुख्य आक्षेप हा आहे.

आणि या प्रश्नाचे उत्तर तरी किती रंजक! मुलीच्या शिक्षकांचा मल्टिमीटर त्याच्या कारखान्यातल्या प्रमाणाशी जुळवलेला. ते प्रमाण आणखी वरच्या प्रमाणाशी. आणि आपल्या देशात ही साखळी नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेतल्या जोसेफसन परिणामावर आधारलेल्या प्रमाणापर्यंत जाते. २० मे २०१९ पासून व्होल्टची व्याख्या प्लँकचा स्थिरांक आणि इलेक्ट्रॉनचा प्रभार यांच्या ठरवून दिलेल्या मूल्यांवर टेकलेली आहे. पेन्सिल सेलापासून प्लँकपर्यंतचा हा रस्ता प्रकल्पाच्या फलकावर रेखाटता आला असता. '५' लिहून तो बंद करून टाकला आहे.

उपाय कठीण नाहीत. एटीमेगाच्या आतच सुमारे १.१ व्होल्टचा एक संदर्भ असतो. माहितीपत्रकानुसार तो एका चिपमध्ये १.० तर दुसरीत १.२ असू शकतो, म्हणून आंधळेपणाने १.१ लिहिणे म्हणजे पुन्हा तीच चूक. पण एका विशिष्ट चिपमध्ये तो बऱ्यापैकी टिकून राहतो, पुरवठा ४.७ झाला काय आणि ५.१ झाला काय, त्याला फारसे सोयरसुतक नसते. तेव्हा १०० आणि १० किलोओहमचा विभाजक लावावा, आतला संदर्भ निवडावा, ९ व्होल्टची बॅटरी जोडावी आणि विश्वासाच्या मल्टिमीटरवर येणाऱ्या आकड्याशी आपला आकडा जुळेल असा गुणक प्रोग्राममध्ये लिहावा. यात एक जास्तीचा फायदा पदरात पडतो. सोनेरी पट्ट्याचे रेझिस्टर पाच टक्क्यांनी इकडेतिकडे असतात. एक वरच्या टोकाला आणि दुसरा खालच्या टोकाला गेला तर विभाजकाच्या पटीत नऊ टक्क्यांपर्यंत चूक शिरते. एकाच गुणकात संदर्भाची आणि विभाजकाची अशा दोन्ही चुका एकदम निस्तरल्या जातात. असा मीटर १२ व्होल्टपर्यंत मोजतो आणि त्याचे लघुतम माप सुमारे १२ मिलिव्होल्ट येते. अधिक नेटके काम हवे असेल तर एलएम४०४० ही संदर्भ-चिप ४.०९६ व्होल्टची मिळते, ४.०९६ ला १०२४ ने भागले की पायरी बरोबर ४ मिलिव्होल्टची होते आणि मुलांचा आकडेमोडीचा त्रासही वाचतो.

इथे एक सावधगिरी. बाहेरचा संदर्भ एरेफ या पिनला जोडायचा असेल, तर तशी सूचना प्रोग्राममध्ये पहिले वाचन घेण्याच्या आधी आलीच पाहिजे. नाहीतर आतला आणि बाहेरचा संदर्भ एकमेकांवर आदळतात आणि चिप बिघडू शकते. संदर्भ बदलल्यानंतरची पहिली काही वाचने सोडून द्यावीत. आणि हा मीटर भिंतीतल्या २३० व्होल्टच्या सॉकेटजवळ कधीही नेऊ नये, विभाजक कितीही मोठा असला तरी.

सरासरीचे औषध

आता त्या नाचऱ्या आकड्याकडे वळू. मुलीने ३.३ व्होल्टची पिन एरेफला जोडून संदर्भ सुधारला होता, कारण, तिच्याच शब्दांत, 'पाच सारखे बदलते'. हे वाक्य आम्ही ऐकले होते आणि त्याचे मोल आम्हाला कळले नव्हते. तिच्या मीटरची पायरी ३.२ मिलिव्होल्टची होती. आकडा मात्र २० मिलिव्होल्टच्या पट्ट्यात फिरत होता, म्हणजे सहा पायऱ्यांत. एवढी उडी एडीसीची नव्हे. ती बाहेरून आलेली होती.

कुठून? मंडपात ट्यूबलाइट होत्या, पंखे होते, जमिनीवरून वायरी गेलेल्या होत्या. मोकळ्या लोंबत्या तारा ५० हर्ट्झचा गुणगुणाट अँटेनासारख्या पकडतात. कशालाच न जोडलेल्या पिनवर वाचन घेतले तर काहीही आकडे येतात. इतके काहीही, की आर्डुइनोच्या मार्गदर्शिकेत यादृच्छिक संख्यांची सुरुवात करण्यासाठी मोकळी पिन वाचण्याचा सल्ला दिलेला आहे. स्रोताचा रोध जितका मोठा तितकी ही लागण जास्त. माहितीपत्रक हा रोध १० किलोओहमपर्यंत ठेवायला सांगते. १०० आणि १० किलोओहमच्या विभाजकाचा परिणामी रोध ९.१ किलोओहम भरतो, तो बसतो. 'मीटरने धारा कमी ओढावी' म्हणून काही कृती १ मेगाओहम आणि १०० किलोओहम घ्यायला सांगतात. त्याचा परिणामी रोध ९१ किलोओहम होतो आणि मग गुणगुणाटाबरोबर पिनमधली गळतीची धाराही आकड्यात दिसू लागते.

'खालच्या रेझिस्टरला समांतर ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा, गुणगुणाट जाईल' हाही एक ठरलेला सल्ला. कपॅसिटर जरूर लावावा. एडीसी वाचन घेताना क्षणभर जो प्रभार ओढतो तो पुरवायला आणि वेगवान खरखर दाबायला त्याचा उपयोग होतो. पण गुणगुणाट त्याने जात नाही. ९.१ किलोओहम गुणिले ०.१ मायक्रोफॅरड म्हणजे ०.९ मिलिसेकंद. गुणगुणाटाचे एक आवर्तन २० मिलिसेकंदांचे. एवढ्या संथ लाटेला हा कपॅसिटर अडवत नाही, ती त्याच्यावरून सहज निघून जाते.

मग दहा वाचनांची सरासरी? आर्डुइनोला एक वाचन घ्यायला साधारण एकदशांश मिलिसेकंद लागतो. पाठोपाठ दहा वाचने म्हणजे सुमारे एक मिलिसेकंद, आवर्तनाचा विसावा भाग. कोणी रत्नागिरीच्या धक्क्यावर उभे राहून समुद्राची सरासरी पातळी काढायला निघाला आणि त्याने ऐन भरतीच्या वेळी पाऊण तासाच्या आत दहा वाचने घेऊन त्यांची सरासरी केली, तर आपण काय म्हणू? ही सरासरी तशीच आहे. एका खेपेला ती लाटेच्या माथ्यावर पडते, दुसऱ्या खेपेला तळाशी. आकडा हलायचा तो हलतच राहतो, आणि मुले दहाच्या जागी पन्नास घालून पाहतात, मग शंभर, आणि कशाने तरी थांबला की तिथे थांबतात. का थांबला हे कोणी विचारत नाही.

समुद्राची पातळी काढायची तर पूर्ण भरती-ओहोटी मोजली पाहिजे. इथेही तसेच : दर मिलिसेकंदाला एक अशी बरोबर २० वाचने, किंवा ४०, किंवा २००. पूर्ण आवर्तनांत लाटेचा वरचा भाग खालच्याशी फिटतो आणि मागे खरे व्होल्टेज उरते. मोजणी तोंडी लावण्यापुरती नको, घड्याळ बघून हवी. आर्डुइनोत मायक्रोसेकंद सांगणारे घड्याळ आहेच. सांगण्यासारखी गोष्ट ही, की जुन्या ७१०७ मध्ये हे तत्त्व रचनेतच होते. तिचे घड्याळ ४० किलोहर्ट्झवर ठेवले की ती अज्ञात व्होल्टेजाची बेरीज बरोबर १०० मिलिसेकंद करी, म्हणजे ५० हर्ट्झची पाच पूर्ण आवर्तने. त्या मुलीच्या प्रोग्राममध्ये दोन ओळी बदलल्या असत्या तर तिचा आकडा थांबला असता, आणि तोही खऱ्या कारणाने.

सगळी चुळबुळ मात्र काढून टाकण्याजोगी नसते. समजा, खरे व्होल्टेज ३०७ आणि ३०८ या दोन पायऱ्यांच्या मधे कुठेतरी आहे. खरखर अजिबात नसेल तर एडीसी दर वेळी ३०७ सांगेल. हजार वाचनांची सरासरी घ्या, ३०७ च. पण एखाद्या पायरीएवढी खरखर असेल तर कधी ३०७ येईल, कधी ३०८, आणि कोणता आकडा किती वेळा आला यावरून व्होल्टेज दोन पायऱ्यांच्या मधे नेमके कुठे आहे ते काढता येईल. ही चिप तयार करणाऱ्या अ‍ॅटमेल कंपनीने यावर एक टिपणच काढले होते : वाचने चौपट केली की एक बिट अधिक मिळतो, सोळा पट केली की दोन, अट एकच, की खरखर असली पाहिजे. मुलांना हे प्रथम खोटे वाटते. थोडी अस्थिरता असलेला मीटर सरासरीनंतर ठार स्थिर मीटरपेक्षा बारीक मोजतो, हे गणिताच्या तासाला करून दाखवण्यासारखे आहे. एका फाश्यावर आणि कागदावर सुद्धा ते दाखवता येईल.

आकडा थांबवण्याच्या आणखी काही युक्त्या कृतींमधून फिरताना दिसतात. एक, दशांश स्थळ कमी करणे. दुसरी, फरक थोडा असेल तर जुनाच आकडा पडद्यावर ठेवणे. हिला आम्ही सरळ लपवाछपवी म्हणतो. तिसरी जरा प्रतिष्ठित आहे : नवा आकडा म्हणजे जुन्याचे नऊ भाग आणि ताज्या वाचनाचा एक भाग. हिने आकडा छान शांत होतो. पण दर अर्ध्या सेकंदाला एक वाचन असेल तर तो आकडा खऱ्या व्होल्टेजाच्या चार-पाच सेकंद मागे रेंगाळतो. सेलावर ते कळत नाही. याच मीटरने कपॅसिटर रिकामा होण्याचा प्रयोग केला, १००० मायक्रोफॅरड आणि १० किलोओहम घेतले, म्हणजे कालांक १० सेकंदांचा, तर आलेख पार बिघडतो आणि दोष कपॅसिटरवर जातो. लिंबाच्या सेलाचेही असेच होते, तिथे कारण वेगळे : लिंबाचा अंतर्गत रोधच काही किलोओहम असतो आणि ११० किलोओहमचा मीटर त्याच्याकडून धारा ओढून त्याला खाली बसवतो. बाजारातला साधा डिजिटल मल्टिमीटर १० मेगाओहमचा असतो, हे दोघांतल्या फरकाचे कारण मुलांना सांगायला हवे.

राहता राहिले गुण देणे. आमच्या त्या गुणपत्रकात 'मांडणी', 'नावीन्य', 'उपयुक्तता', 'कार्यक्षमता' असे रकाने होते. 'त्रुटी किती?' असा रकाना नव्हता. व्हर्नियर कॅलिपर हाती दिल्यावर ज्या मुलांना आपण पहिल्यांदा लघुतम माप आणि शून्यांक त्रुटी विचारतो, त्यांनीच तयार केलेल्या मीटरसमोर उभे राहिल्यावर आपण हे विचारायचे विसरतो. पडदा उजळला की आपलेही डोळे दिपतात. १.५३ अधिक-उणे ०.०१ असे त्या मुलीने फलकावर लिहिले असते, तर तो नाचरा आकडा दोष न राहता माहिती झाला असता. तिने लिहिले नाही, कारण तिला कोणी तसे सांगितले नव्हते. आणि आम्ही विचारले नाही.

तेव्हापासून असा मीटर समोर आला की आम्ही आकडा किती स्थिर आहे ते बघत नाही. याचे लघुतम माप किती, ते विचारतो. तुझा व्होल्ट तू कोणाकडून घेतलास, ते विचारतो. मग बोर्डावरची मोटर किंवा दिवे चालू-बंद करायला सांगतो आणि सेलाचा आकडा त्याबरोबर सरकतो का ते पाहतो. सरकला तर का सरकला याचे उत्तर देणाऱ्या मुलाला आम्ही न सरकणाऱ्या मीटरपेक्षा जास्त गुण देतो. आणि मीटर कृतीतल्याप्रमाणे पाचाचा असेल, तर ५ व्होल्टची पिन ए-शून्यला जोडून दाखव म्हणतो. शेजारी मल्टिमीटर ठेवायचा. यासाठी एक तार आणि अर्धा मिनिट पुरतो.